नाईन बॉलचे खरे नियम कुठले? पुश आऊट, बॉल इन हँड आणि स्पॉटवरची नऊ यावरून आमच्यात लय वाद चाललाय

विश्रामबाग_क्यू

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा. सांगलीत विश्रामबागला आमचा एक ग्रुप आहे, संध्याकाळी कॉलेज ऑफिस सुटलं की पूल खेळायला जमतोय. आधी सगळे एट बॉलच खेळायचो, आता नाईन बॉलचा नाद लागलाय कारण रॅक (म्हणजे एक डाव) पटकन संपतंय आणि नऊ नंबर कधीपण जाऊ शकतो म्हणून शेवटपर्यंत जीव टांगणीला असतोय. दिवाळीच्या सुट्टीत सांगली, मिरज आणि साताऱ्याची पोरं मिळून छोटी स्पर्धा घ्यायची ठरलीय. नियम लिहायचं काम माझ्याकडं आलं आणि तिथंच घोडं अडलं, कारण तीन जण तीन तऱ्हेचे नियम सांगतायत आणि तिघंपण ठाम आहेत.

पहिले आमचे काका. मर्चंट नेव्हीतून रिटायर होऊन सांगलीत आलेत, सत्तरी ओलांडली तरी हातात स्टिक घेतली की बघत राहावं असा माणूस. ते म्हणतात पुश आऊट (आधी सांगून पांढरा बॉल, म्हणजे व्हाईट, नुसता पाहिजे तिथं ढकलणं) कधीपण करता येतो, रॅकच्या मधेसुद्धा, आणि एका फाऊलवर बॉल इन हँड (व्हाईट हातानं पाहिजे तिथं ठेवायची मुभा) मिळत नाही, एकाच खेळाडूनं लागोपाठ दोन फाऊल केले तरच मिळतो. आणि फाऊल शॉटवर पडलेला बॉल परत स्पॉटवर (टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर) ठेवायचा.

दुसरी आमच्या वयाची पोरं. त्यांचं म्हणणं फाऊल म्हणजे फाऊल, समोरच्यानं व्हाईट उचलायची आणि टेबलावर पाहिजे तिथं ठेवायची. पुश आऊट फक्त ब्रेकच्या (रॅक फोडायच्या पहिल्या शॉटच्या) लगेच पुढच्या शॉटला.

तिसरा एक पोरगा रात्र रात्र जागून युरोपातल्या मॅचेस बघतोय. तो म्हणतो तुम्ही रॅकच (बॉलची सुरुवातीची मांडणी) जुनं लावताय, एक नंबर नाही तर नऊ नंबर स्पॉटवर यायला पाहिजे, ब्रेक आखलेल्या चौकटीतूनच मारायचा आणि ब्रेकला तीन बॉल वर आले नाहीत तर तो ब्रेक धरायचा नाही.

मला नुसतं कुठलं बरोबर एवढं नकोय. हे बदललं कधी, का बदललं ते कुणाला नीट माहीत असेल तर सांगा, म्हणजे स्पर्धेत कुठला नियम घ्यायचा ते समजून ठरवता येईल. काकांना नुसतं "तुमचं जुनं झालं" असं म्हणायला मला नको वाटतंय.

मिरज_जंक्शन

भावा प्रश्न लय चांगला विचारलास. तुझे तिघंपण बरोबर बोलतायत, फक्त प्रत्येकजण वेगळ्या काळाचे नियम सांगतोय. क्रमानं सांगतो.

आधी जे बदललेलं नाही ते. एक ते नऊ बॉल, रॅक हिऱ्याच्या आकाराचं, नऊ नंबर मधोमध. टेबलावर जो सगळ्यात छोटा नंबर असेल त्याला व्हाईट आधी लागली पाहिजे, मग त्यावरून दुसरा कुठलापण बॉल गेला तरी चालतोय, आणि तसा नऊ गेला तर रॅक जिंकलं. शॉट कॉल करायची गरज नाही, नशिबानं गेला तरी गेला. हा सांगाडा १९२० च्या आसपास अमेरिकेत खेळ सुरू झाल्यापासून तसाच आहे. भांडण आहे ते फाऊलला शिक्षा काय आणि ब्रेक कसा, या दोनच गोष्टींवर, आणि सगळे बदल पण तिथंच झालेत.

काका जे सांगतायत ते अमेरिकेत १९७० च्या दशकात सर्रास चालायचं. तिकडं त्याला टू शॉट किंवा रोल आऊटचे नियम म्हणायचे. समज तुला एक नंबर दिसत नाही, मधे दुसरा बॉल आहे. तू आधी सांगायचं पुश करतोय, आणि व्हाईट हळूच पाहिजे तिथं ढकलायची, कुठल्या बॉलला लागली नाही तरी चालतंय. मग समोरच्यानं ठरवायचं, इथून मी खेळू का तुलाच परत खेळायला लावू. त्यानं तुला परत लावलं आणि तू फाऊल केलास, की मग त्याला बॉल इन हँड. बारीकसारीक फरक शहरागणिक असायचे, स्क्रॅच झाला म्हणजे व्हाईटच पॉकेटमध्ये गेली तर ती कुठं ठेवायची वगैरे, पण मूळ कल्पना ही.

आता यात अडचण कुठं येते बघ. तू डोकं लावून माझ्यासाठी मस्त सेफ्टी लावलीस, व्हाईट एकदम दोन बॉलच्या मागं लपवलीस. मी काय करणार? पुश म्हणणार आणि व्हाईट बाहेर काढणार. तुझी सेफ्टी वाया. म्हणून त्या काळात सेफ्टीला फारशी किंमतच नव्हती, सगळा खेळ अवघड शॉट कोण मारतोय यावर. आणि एकेका रॅकला पुश, परत पुश, विचार, सिगारेट, असं करत वेळ जायचा.

१९८० च्या दशकात प्रोफेशनल स्पर्धा एका फाऊलच्या नियमावर आल्या. टेक्सास एक्सप्रेस म्हणतात त्याला, टेक्सासमधून पसरला म्हणून. कुठलापण फाऊल झाला की समोरच्याला पूर्ण टेबलावर बॉल इन हँड. फाऊलला पडलेले बॉल परत वर काढायचे नाहीत, फक्त नऊ पडला तर तो स्पॉटवर येतो. पुश आऊट फक्त ब्रेकनंतरच्या पहिल्या शॉटला. लागोपाठ तीन फाऊल केले तर रॅकच गेलं, पण दुसऱ्या फाऊलनंतर त्याला तसं सांगायला पाहिजे, न सांगता तिसरा धरता येत नाही. गेम फटाफट व्हायला लागले, टीव्हीवर दाखवायला सोपं झालं, आणि बघणाऱ्यालापण लगेच कळायला लागलं की आता कुणाचं पारडं जड आहे. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशन १९८७ ला स्थापन झाली, १९९० ला जर्मनीत पहिली वर्ल्ड नाईन बॉल चॅम्पियनशिप झाली, ती अर्ल स्ट्रिकलंडनं जिंकली आणि १९९१ ची पण त्यानंच. तोपर्यंत एका फाऊलचा नियम पक्का झालेला.

पुश आऊट ब्रेकनंतर का ठेवला असं तुझी पोरं विचारतील. कारण ब्रेकनंतर बॉल कुठं थांबतील ते कुणाच्याच हातात नाही. एखाद्यानं चांगला ब्रेक मारून बॉल घातला आणि एक नंबर नेमका दुसऱ्यामागं लपला, तर त्यात त्याचा काय दोष? तेवढ्यापुरती सूट. नंतर मात्र तुला लपवलं असेल तर ते समोरच्याचं कौशल्य आहे, ते तू सोडवायचं.

आणि सोडवायचं म्हणजे व्हाईट कुशनवर, म्हणजे टेबलाच्या कडेवर, आपटवून बॉलला लावायची, किक मारायची. इथंच फिलिपिन्सच्या लोकांनी अमेरिकेला हादरवलं. एफ्रेन रेयेस १९८५ ला अमेरिकेत आला आणि ह्यूस्टनची स्पर्धा वेगळंच नाव लावून खेळला आणि जिंकला. १९९४ ला नाईन बॉलची यूएस ओपन जिंकली, ती जिंकणारा अमेरिकेबाहेरचा तो पहिला. त्याचा १९९५ चा रिनोमधला शॉट बघितला नसशील तर आज बघच. सँड्स रीजन्सी ओपन, समोर स्ट्रिकलंड, निर्णायक रॅक, एफ्रेनला पाच नंबर दिसतच नाही. त्यानं दोन कुशन घेऊन पाच नंबरला नुसतं शिवलं नाही तर तो सरळ पॉकेटमध्ये घातला आणि रॅक संपवलं. जुन्या नियमात हा शॉट कुणी मारलाच नसता, गप पुश केला असता. मला विचारशील तर एका नियमानं खेळाला काय दिलं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

पोवईनाका_सातारा

आमच्याकडं साताऱ्यात तर अजून वेगळंच चालतंय. फाऊल झाला की व्हाईट फक्त ब्रेकच्या बाजूच्या रेषेमागं ठेवायची, आणि जो नंबर मारायचाय तो रेषेमागंच असला तर तो उचलून स्पॉटवर. एट बॉल खेळायची सवय, त्यातलंच नाईन बॉलला चिकटवलंय बहुतेक. पण मी सांगतो त्यामुळं काय होतंय, पोरं मुद्दाम फाऊल करत्यात. अवघड बॉल असला की हळूच व्हाईट कुठंतरी लपवून ठेवायची, फाऊल झाला तर झाला, समोरच्याला तरी काय सरळ शॉट मिळणार आहे रेषेमागनं? तुमच्या स्पर्धेला आम्ही चौघं येतोय, पण पूर्ण टेबल बॉल इन हँड ठेवा एवढी विनंती.

विश्रामबाग_क्यू

@मिरज_जंक्शन दादा, लय धन्यवाद, आज पहिल्यांदा कळलं की पुश आऊट हा उरलेला जुना तुकडा आहे. साताऱ्याच्या मित्रांनी सांगितलेला मुद्दापण पटला, मुद्दाम फाऊलचा फायदा मिळायला नको.

आता ते नऊ नंबर स्पॉटवरचं कुणीतरी सांगा. त्या पोरानं परवा स्वतःच तसं रॅक लावलं आणि खरंच ब्रेकला काहीच पडेना, सगळे वैतागले. एवढा चांगला चाललेला ब्रेक मुद्दाम बिघडवायचा कशाला?

रॅक_घट्ट_लावा

मुद्दाम बिघडवायचाच होता, तेच कारण आहे. मी कोल्हापूर पुण्याला स्पर्धा खेळलोय, ब्रेकवर लय डोकं घातलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

एक नंबर स्पॉटवर असताना हिऱ्याच्या दोन्ही कडेला जे बॉल असतात त्यांना विंग बॉल म्हणतात. रॅक एकदम घट्ट असेल, सगळे बॉल एकमेकांना चिकटलेले असतील, तर बरोबर मारल्यावर विंग बॉल खालच्या कोपऱ्यातल्या पॉकेटच्या दिशेनंच जातो. नशीब नाही, रचनाच तशी आहे. पूर्वी लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या ट्रँगलनं रॅक लावायचे, बोटानं दाबायचे, तरी कुठंतरी केसाएवढी फट राहायचीच, म्हणून ब्रेकचा भरवसा नव्हता. मग आले घट्ट रॅकचे यंत्रासारखे साचे, नंतर ती पातळ पारदर्शक शीट आली जिच्यावर बॉल ठेवले की आपोआप चिकटून बसतात. रॅक दर वेळी सारखंच, मग ब्रेकपण सारखाच, आणि विंग बॉल जवळजवळ दर वेळी आत.

पुढची पायरी सॉफ्ट ब्रेक. प्रो लोकांच्या लक्षात आलं की बॉल पडणारच आहे तर ताकद कशाला लावायची, हळू मारायचं, विंग बॉल घालायचा, एक नंबर आणि व्हाईट दोन्ही पाहिजे तिथं थांबवायचे. कोरी ड्यूएलनं २००१ ची यूएस ओपन अशाच हळू ब्रेकवर गाजवली, फायनलमध्ये मिका इमोनेनला ११-० हरवलं. इमोनेन त्याच वर्षीचा वर्ल्ड चॅम्पियन, साधा माणूस नव्हे. ड्यूएलवर लोकांनी टीका केली पण माझं स्पष्ट मत आहे की त्यानं काही चुकीचं केलं नाही, नियमात जे बसतंय ते त्यानं सगळ्यात चांगलं केलं. नियमात भोक होतं ते त्यानं दाखवून दिलं.

यात अजून भर म्हणजे जो जिंकेल तोच पुढचा ब्रेक मारणार ही पद्धत. एकदा लय लागली की समोरचा खुर्चीतच. १९९६ ला अमेरिकेत एका स्पर्धेत सलग दहा रॅक काढणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस ठेवलेलं, कुणाला जमणार नाही असं धरून, आणि स्ट्रिकलंडनं ते केलं. म्हणून मग बऱ्याच ठिकाणी आळीपाळीनं ब्रेक आला. दोन्ही पद्धती अजून चालू आहेत, कुठं ही कुठं ती.

तर ब्रेक अवघड करायला तीन गोष्टी केल्या, जास्त करून युरोपातल्या स्पर्धांनी आणि मॅचरूम या स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीनं. एक, नऊ नंबर स्पॉटवर ठेवला. नऊ मधोमध असतो म्हणजे सगळं रॅक ब्रेक मारणाऱ्याकडं पुढं सरकलं, आणि विंग बॉलची ती पॉकेटची लाईन चुकली. आता लोक एक नंबर मधल्या पॉकेटात घालायला बघतात, ते जमतंय पण त्याला खरंच हात पाहिजे. दोन, ब्रेक बॉक्स. बाजूच्या कुशनला चिकटून व्हाईट ठेवून ब्रेक मारायचा नाही, मधल्या आखलेल्या भागातूनच. तीन, तो तीन बॉलचा नियम. ब्रेकमध्ये कमीत कमी तीन बॉल एकतर पॉकेटमध्ये गेले पाहिजेत नाहीतर वरच्या, म्हणजे ब्रेक मारणाऱ्याच्या बाजूच्या, रेषेपर्यंत आले पाहिजेत. नाही आले तर बॉल पडला तरी आपोआप तुझीच पाळी राहत नाही. म्हणजे हळू मारून भागत नाही, ठोकायलाच लागतंय. वर्ल्ड असोसिएशनच्या साध्या नियमात एवढं कडक नाही, तिथं बॉल पडला नाही तर चार बॉल कुशनला लागले पाहिजेत एवढंच, आणि एक आणि नऊ सोडून बाकीचे बॉल मुद्दाम ठरवून एका क्रमानं लावायचे नाहीत असंपण लिहिलंय.

काही लोक या सगळ्याला कंटाळून टेन बॉलकडं गेले, तिथं दहा बॉल, शॉट कॉल करायचा, आणि दहा नंबर ब्रेकला पडला तर जिंकलं असं नाही. २००८ ला त्याची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप मनिलात झाली.

आता तुमच्या सांगलीच्या स्पर्धेबद्दल. तुमच्या पार्लरला कापड किती जुनं आहे आणि रॅक कशानं लावता ते बघ. स्पॉटवर कापड घासून खड्डा पडला असेल आणि साधा ट्रँगल असेल तर रॅक कधीच एवढं घट्ट लागणार नाही की विंग बॉल दर वेळी जाईल. मग नऊ स्पॉटवर ठेवून काय उपयोग, जो प्रॉब्लेम तुमच्याकडं नाहीच त्याचा उपाय करताय. म्हणून परवा काहीच पडेना. एक नंबर स्पॉटवर ठेवा, ब्रेक आळीपाळीनं ठेवा, झालं.

टेक्सासचा_सांगलीकर

मूळचा वखारभागातला, सध्या डॅलसजवळ असतो, दर आठवड्याला इथल्या एपीए (अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन) लीगला नाईन बॉल खेळतोय म्हणून थोडी भर घालतो. वरचं सगळं प्रोफेशनल लोकांचं झालं, पण अमेरिकेत जी साधी नोकरी करणारी जनता बारमध्ये लीग खेळते तिचे नियम अजून वेगळे आहेत आणि खेळणारे सगळ्यात जास्त तिथंच आहेत.

एपीएमध्ये पुश आऊट अजिबात नाही, ब्रेकनंतरसुद्धा नाही. तीन फाऊलला रॅक जातं असंपण नाही. फाऊल झाला की पूर्ण टेबल बॉल इन हँड, एवढं सरळ. आणि गुण रॅकचे नाहीत, बॉलचे. प्रत्येक बॉलचा एक गुण, नऊ नंबरचे दोन, म्हणजे एका रॅकचे दहा. प्रत्येक खेळाडूला एक ते नऊ अशी लेव्हल दिलेली असते, लेव्हल जास्त तर जिंकायला गुण जास्त लागतात, त्यामुळं नवीन माणूससुद्धा मुरलेल्या माणसाला हरवू शकतो.

मला पहिल्यांदा हे पटलं नव्हतं, पुश आऊट नाही म्हणजे डोकं कुठं लावायचं असं वाटायचं. पण दिवसभर काम करून आलेल्या माणसाला भांडण नको असतंय, त्याला पटकन समजेल असा नियम पाहिजे. तुमच्या स्पर्धेत एकदम नवीन पोरं असतील आणि चांगली पोरंपण असतील तर हा बॉलचे गुण देण्याचा प्रकार जरूर बघा. पहिल्याच राऊंडला नवीन पोरगं शून्यावर घरी जात नाही, त्याचे चार-पाच गुण तरी होतात आणि ते पुढच्या वेळी परत येतंय.

विश्रामबाग_क्यू

मंडळी, हा धागा मी काकांना दाखवला. त्यांनी सगळं वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाले मी सांगतो तू टाईप कर. खालचं सगळं त्यांचं, मी फक्त टाईप केलंय.

"मुलांनो, तुम्ही लिहिलेलं चांगलं आहे आणि बरोबर आहे. मिरजेच्या मुलानं जुना नियम नीट समजून सांगितलाय. पण एक गोष्ट राहिली ती मला सांगायचीय.

आम्ही हे नियम बोटीवरून उतरल्यावर शिकलो, ह्यूस्टनला, न्यू ऑर्लिन्सला, बंदराजवळच्या हॉलमध्ये. मुंबईत तेव्हा क्लबातनं बिलियर्ड्स आणि स्नूकर, विल्सन जोन्सनं १९५८ ला बिलियर्ड्सची वर्ल्ड अमॅच्युअर चॅम्पियनशिप जिंकलेली, त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी. पूल आम्ही बाहेरच बघितला. तुम्ही म्हणता त्या खेळात सेफ्टीला किंमत नव्हती. खरं आहे. पण पुश आऊट म्हणजे पळवाट असं जे वाटतंय ते तसं नाही. पुश करताना व्हाईट कुठं ठेवायची हाच खरा खेळ होता. सोपी जागा ठेवली तर समोरचा घेणार. अशक्य जागा ठेवली तर तो तुलाच परत देणार. म्हणून अशी जागा शोधायची की जिथून शॉट मला जमतो पण त्याला वाटतं की जमणार नाही. त्यासाठी स्वतःचा हात माहीत पाहिजे आणि समोरच्याचंपण मन माहीत पाहिजे. एक म्हातारा तिथं असायचा, तो लांबचा बँक शॉट (बॉल कुशनवर आपटवून पॉकेटमध्ये घालायचा) असा मारायचा की आम्ही बघत बसायचो, आणि तो मुद्दाम पुश करून तोच शॉट ठेवायचा. नवीन माणूस हसत त्याला परत खेळायला लावायचा. म्हातारा मारायचा आणि रॅक संपवायचा.

किक मारणं मोठी विद्या आहे, एफ्रेनचा तो शॉट मी पण बघितलाय, डोळ्यांचं पारणं फिटलं. पण पूर्वी लोक लांबचे, कट, बँक शॉट जेवढे मारायचे तेवढे आता मारत नाहीत, अवघड दिसलं की सेफ्टी. मला त्याचं वाईट वाटतं आणि ते मी लपवणार नाही. स्पर्धेत तुम्ही आजचे नियम घ्या, माझी हरकत नाही. पण आमच्या दोन टेबलांपैकी एका टेबलावर एक दिवस जुन्या नियमानं खेळा, आणि मला समोर बसू द्या."

मिरज_जंक्शन

काकांना माझा नमस्कार सांग. स्वतःला जमेल पण समोरच्याला जमणार नाही असं वाटेल ती जागा शोधायची, हे मला कुठल्याच व्हिडिओत इतकं स्पष्ट कळलं नव्हतं. आणि हे आजच्या पुश आऊटलापण तसंच लागू आहे, फक्त ब्रेकनंतर एकदाच मिळतोय म्हणून लोक विचार न करता व्हाईट कुठंतरी ढकलतात. मी येतोय त्या जुन्या टेबलाला, पहिला नंबर माझा लावा.

पोवईनाका_सातारा

आम्हीपण. सकाळच्या एसटीनं निघतो, जुनं टेबल दुपारनंतर ठेवा म्हणजे गाठता येईल.

विश्रामबाग_क्यू

ठरलं मग. सगळ्यांचं ऐकून मी असं लिहितोय, कुणाची हरकत असेल तर सांगा. एक नंबर स्पॉटवर, नऊ मधे, बाकीचे कसेपण पण मुद्दाम ठरवून नाही. रॅक समोरच्यानं लावायचं. ब्रेक आळीपाळीनं, बॉल पडला नाही तर चार बॉल कुशनला, नाहीतर फाऊल. पुश आऊट फक्त ब्रेकनंतर, आधी तोंडानं सांगायचं, न सांगता केला तर साधा फाऊल. पुशमध्ये बॉल पडला तर तो पडलेलाच, नऊ पडला तर स्पॉटवर. फाऊलला पूर्ण टेबल बॉल इन हँड. तीन फाऊलचा नियम ठेवतोय पण दुसऱ्या फाऊलनंतर समोरच्यानं मोठ्यानं सांगायचं. पहिल्या राऊंडला बॉलचे गुण, टेक्सासच्या दादांच्या पद्धतीनं, आणि पुढं रॅकवर. जुन्या नियमाचं टेबल रविवारी दुपारी, काका बसणार.

फक्त एक राहिलं. दोघांकडं जंप स्टिक (व्हाईट उडवायची आखूड स्टिक) आहे आणि बाकीच्यांकडं नाही. चालवायची का नाही?

रॅक_घट्ट_लावा

नियमानं चालते, चाळीस इंचापेक्षा आखूड नसली की झालं, आणि व्हाईटवर वरून मारून उडवली पाहिजे, खालून टोक घालून उचलली तर फाऊल. पण तुमचं कापड जुनं आहे, पोरं नवीन आहेत, वरून आपटून मारताना कापड फाटलं तर पार्लरवाला पुढच्या वेळी टेबल देणार नाही. या वेळी नको म्हणून लिही आणि ज्या दोघांकडं आहे त्यांना आधीच फोन करून सांग, स्पर्धेच्या दिवशी नको.

विश्रामबाग_क्यू

आत्ताच दोघांना सांगितलं. एक जण लगेच हो म्हणाला, दुसरा म्हणतोय मग जुन्या टेबलावर तरी चालवू द्या. काकांना विचारलं तर ते म्हणाले त्या टेबलावर जंपची गरजच पडणार नाही, अडकलास की पुश कर आणि जागा नीट शोध.